सातपुड्याचं जंगल, गावरान बियाणं आणि आपण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहादा, धडगाव, साक्री, चोपडा, यावल या भागांतून आम्हाला सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांमध्ये कॉलेजची मुलं आहेत, शेतकरी आहेत, ग्रामसेवक आहेत आणि 'सहज विचारतो' म्हणून तासभर बोलणारेही आहेत. एक गोष्ट पुन्हा पुन्हा लिहायला नको म्हणून जिथे उत्तर जुळतं तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. खान्देशातलं जंगल 'उष्णकटिबंधीय' कसं काय? आमच्याकडे तर उन्हाळ्यात सगळं उघडं-बोडकं असतं.

कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवरून जातं. खान्देश त्याच्या दक्षिणेला, साधारण वीस ते बावीस अंशांमध्ये आहे, म्हणजे पक्का उष्ण कटिबंधात. उष्णकटिबंधीय म्हटलं की टीव्हीवरचं ओलं, सदाहरित रान डोळ्यांसमोर येतं. पण त्याच पट्ट्यात आपल्यासारखी शुष्क पानगळीची जंगलंही येतात. पाऊस चार महिने, उरलेले आठ महिने झाडाला पाणी जपायचं असतं. म्हणून साग, सालई, धावडा पानं टाकून देतात. पळस तर पानं नसताना फुलतो. मार्चमध्ये उघडं दिसणारं हे रान मेलेलं नसतं. मोहाला फुलं येण्याचा, चारोळी धरण्याचा, कितीतरी पक्ष्यांच्या विणीचा तोच हंगाम.

२. आपल्या भागाचं जगात नाव व्हावं असं इथे खरंच काय आहे?

एकच उत्तर द्यायचं तर रानपिंगळा, एक छोटं घुबड. १८७२ मध्ये ब्लेविट यांना हा पक्षी मिळाला आणि १८७३ मध्ये पक्षीतज्ज्ञ ह्यूम यांनी त्याला नाव दिलं. पुढच्या काही वर्षांत जे मोजके नमुने गोळा झाले त्यांत डेव्हिडसन यांनी आपल्याच खान्देशातून घेतलेले होते. १८८४ नंतर मात्र पक्षी दिसेनासा झाला. मधल्या काळात मायनर्ट्‌झहागन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१४ सालचा म्हणून एक नमुना संग्रहालयात दिला होता. तो जुनाच नमुना पळवून, नवी चिठ्ठी लावलेला निघाला. त्या खोट्या चिठ्ठीमुळे शोधणारे भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघडी केली, खरे नमुने जिथून आले होते ती ठिकाणं धरून त्या सहकाऱ्यांसह आल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ भरदिवसा त्यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी! तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये झाला.

'नामशेष' ठरलेला पक्षी तालुक्याच्या गावाजवळ बसलेला होता, कारण कुणी नीट विचारलंच नव्हतं. आमच्या पुढच्या बहुतेक उत्तरांचा रोख हाच आहे. इथे काय आहे हे आधी इथल्याच माणसांना विचारा, मग कागदावर लिहा.

३. फोटो पाठवतोय. हा रानपिंगळा आहे का?

आमच्याकडे येणाऱ्या फोटोंतले बहुतेक पक्षी साधे पिंगळेच निघतात. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्याचं. पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा, डोकं आणि पंजे अंगाच्या मानाने मोठे. तो दिवसा वावरतो, उघड्या फांदीवर बसतो आणि शेपटी झटकतो. गावातल्या विजेच्या खांबावर, संध्याकाळी, जोडीने चिरकत असेल तर साधा पिंगळाच समजा.

खात्री झाली तरी ढोलीचं नेमकं ठिकाण समूहांवर टाकू नका. फोटोसाठी होणाऱ्या गर्दीने घरटं सोडून जाणारे पक्षी थोडे नाहीत. २०१८ पासून त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त'ऐवजी 'संकटग्रस्त' अशी आहे, कारण नंतर मेळघाट, खंडवा, तानसा अशा इतर ठिकाणीही तो सापडला. धोका संपला असा याचा अर्थ नाही.

४. जैवविविधता म्हणजे जंगल. यात शेती कुठून आली?

धडगावच्या उतारावरचं एक शेत घ्या. एकाच तुकड्यात मका, त्यात तूर, मधून चवळी आणि उडीद, कडेला ज्वारी, बांधावर अंबाडी, दगडाळ टोकाला भगर. मका आधी निघतो, कडधान्य मधे, तूर थंडीत. पाऊस लांबला तर भगर हाती लागते, फार झाला तर मका. यात एकेका पिकाचे घरोघर वेगळे वाण: लवकर येणारा, पाखरं न खाणारा, भाकरीला चांगला, लाह्यांना चांगला. हे वाण कुठल्याही संशोधन केंद्राने दिलेले नाहीत. दर हंगामात कणसं निवडणाऱ्या बायकांनी ते घडवले आहेत. बाएफसारख्या ग्रामविकासाचं काम करणाऱ्या संस्थेने धडगाव भागात मका-ज्वारीच्या अशा वाणांवर गावोगावच्या लोकांबरोबर बियाणे बँकांचं काम केलं आहे.

आता खाली तापीकाठी या. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत हजारो झाडं ऊतीसंवर्धनातून आलेली, म्हणजे सगळी एकाच झाडाची पिल्लं. उत्पन्न भरघोस, त्यात वाद नाही. पण कुकुंबर मोझॅकसारखा विषाणू आला की बागच्या बाग उपटावी लागते. केळी सोडा असं आम्ही म्हणत नाही (जळगावात राहून कोण म्हणेल!). एवढंच की ज्या शेतातली सगळी झाडं एकसारखी, त्या शेतातलं नुकसानही एकसारखंच होतं.

जंगल आणि शेत यांची सीमाही कागदावर दिसते तितकी सरळ नाही. मोहाला रात्री फुलं येतात आणि परागीभवन मुख्यतः वटवाघळं करतात; तुरीवर येणाऱ्या मधमाश्या शेजारच्या रानात राहतात.

५. आमच्या बांधावरच्या आंब्याचा आमचूर पांढराशुभ्र होतो, भाव चांगला मिळतो. त्याची कोय लावली तर तसंच झाड येईल का?

नाही, खात्री नाही. आपल्याकडच्या रायवळ आंब्याच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीभवनातून आलेला असतो. आई तीच, बाप कुठला ते मधमाश्या-माश्यांना ठाऊक. म्हणूनच अक्राणीत (धडगाव तालुक्यात) प्रत्येक झाडाची चव, रेषा, आंबटपणा वेगळा आणि प्रत्येक झाडाला स्वतःचं नाव. तेच झाड हवं असेल तर कलम करा: कोयीपासून रोप वाढवा आणि त्यावर तुमच्या झाडाची काडी बांधा.

पण सगळ्यांनी एकाच झाडाची कलमं लावली तर प्रश्न ४ मधली केळीची गोष्ट आंब्यात येईल. दोन कलमं लावलीत तर चार कोयीही लावा. आमचुराचा रंग झाडावर असतो तसा हातावरही असतो. फोडी लगेच उन्हात पडल्या पाहिजेत. मे महिन्यातल्या एका अवकाळी सरीने पांढऱ्याचा काळा होतो.

६. गावरान पांढरा मका पेरतो, पण कणसात पिवळे दाणे यायला लागलेत. बियाणं बिघडलं का?

बियाण्यात शेजारचा संकरित मका मिसळतोय. मक्याचे पराग तुऱ्यावरून वाऱ्याने उडतात आणि कणसाच्या केसांवर पडतात. दाण्याचा रंग बापाकडून त्याच हंगामात उतरतो, त्यामुळे पांढऱ्या कणसातला पिवळा दाणा ही बाहेरून पराग आल्याची पावतीच. उलट, शेजारचा संकरित मकाही पांढरा असेल तर मिसळ होऊनही डोळ्याला कळत नाही. तेव्हा रंगावर विसंबू नका.

उपाय दोन. एक, अंतर: दुसऱ्या मक्यापासून निदान दोनशे मीटर, जमलं तर चारशे. दोन, वेळ: पेरणीत तीन-चार आठवड्यांचा फरक ठेवला तर दोघांचे तुरे एकदम येत नाहीत. बियाण्यासाठी कणसं शेताच्या मधल्या भागातून घ्या, कडेच्या ओळी सोडा. आणि एकाच मोठ्या कणसावर भुलू नका. मका परपरागित आहे. दोन-चार कणसांचं बी वर्षानुवर्षं पेरलं की ताटं खुजी आणि कणसं लहान होत जातात. निदान पन्नास वेगवेगळ्या ताटांची कणसं निवडा, प्रत्येकाचे थोडे दाणे घ्या.

ज्वारी बरीचशी स्वपरागित आहे, भगरही तशीच. तिथे एवढी धास्ती नाही. तुरीत मात्र मधमाश्या मिसळ करतात.

७. बियाणं वर्षभर किडीशिवाय कसं टिकवायचं?

आजीने जे केलं त्यात अजूनही फारसा बदल लागत नाही. मक्याची कणसं सोलताना वरचं आवरण तोडू नका. ते मागे सारून दोन-दोन कणसांची गाठ मारा आणि चुलीच्या वर आढ्याला टांगा. धूर लागून दाणे काळपट होतात, पण सोंडा फिरकत नाही आणि ओलही राहत नाही. कडधान्य चाळलेल्या राखेत मिसळून मडक्यात किंवा शेणाने सारवलेल्या कणगीत भरा. राख किड्याच्या अंगावरचं मेणचट आवरण खरवडते आणि दाण्यांमधल्या फटी बुजवते.

खरा शत्रू ओल आहे. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. दबला तर आणखी वाळवा. बियाण्यातली ओल एक टक्का कमी झाली की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा ढोबळ नियम आहे. कडक दुपारच्या उन्हात सिमेंटच्या ओट्यावर मात्र वाळवू नका, बी भाजतं.

हे सगळं धान्य-कडधान्याला लागू. मोहाचं, कडुनिंबाचं बी मुळीच साठवू नका. का ते प्रश्न १३ मध्ये.

आणि एक: बरणीत बंद केलेलं बी म्हणजे वाण वाचला असं नव्हे. तो शेतात दरवर्षी पेरला गेला तरच बदलत्या पावसाशी जुळवून घेतो. गावच्या बियाणे बँकेत म्हणून एक पायली नेली तर हंगामानंतर दीड किंवा दोन पायल्या परत असा नियम असतो.

८. गावरान बियाणं विकलं तर गुन्हा होतो का? कृषी केंद्रवाला म्हणतो होतो.

शेतकऱ्याने शेतकऱ्याला विकलं तर होत नाही. पिकांचे वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायदा, २००१ च्या कलम ३९ नुसार शेतकरी स्वतःच्या शेतातलं बियाणं राखू, पेरू, बदलू, वाटू आणि विकू शकतो, अगदी नोंदणीकृत वाणाचं सुद्धा. बंधन एकच: संरक्षित वाणाचं बी 'ब्रँडेड' म्हणजे वेष्टनावर नावाचं लेबल लावून विकता येत नाही. पिशव्या भरून, दुकान थाटून धंदा करायचा असेल तर बियाणे कायदा, १९६६ आणि परवान्याचे नियम लागू होतात. बाजारच्या दिवशी टोपलीत तुरीचं बी घेऊन बसलेल्या मावशींना कुणी हटकत असेल तर हे कलम दाखवा. गावाने एखादा वाण जपला असेल तर त्याच कायद्याखाली 'शेतकऱ्यांचा वाण' म्हणून नोंदणीही करता येते.

९. देशी कापूस लावायचा आहे, पण चारी बाजूंनी बीटी आहे. मिसळ होईल ना?

इथे मक्यापेक्षा उलटी गोष्ट आहे. देशी कापसात गुणसूत्रं २६ आणि बीटी संकरित ज्या अमेरिकन कापसाचे आहेत त्यात ५२. त्यामुळे शेतात त्यांचा संकर सहसा जमत नाही. काळजी घ्यायची ती शेजारी दुसरा देशी कापूस असेल तर. आणि जिनिंगमध्ये: सरकी तिथे मिसळते. बियाण्यापुरता कापूस घरी हाताने वेचून सरकी काढा.

१०. लोकजैवविविधता नोंदवही म्हणजे नेमकं काय? आमच्या ग्रामपंचायतीत आहे म्हणतात, कुणी पाहिली नाही.

जैविक विविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि त्या समितीने लोकांशी बोलून गावातल्या वनस्पती, प्राणी, पिकांचे वाण, गुरांच्या जाती आणि त्यांच्याविषयीचं ज्ञान यांची नोंद करायची. राज्याचं मंडळ नागपूरला आहे. राष्ट्रीय हरित लवादाने मुदत घातल्यावर २०१९-२० च्या सुमारास नोंदवह्या घाईने भरल्या गेल्या. त्यातल्या काही आम्ही उघडून पाहिल्या आहेत. पठारावरच्या गावात समुद्री मासे सापडले की समजावं, यादी दुसरीकडून उतरवली आहे.

कपाटातली वही मागायचा तुम्हाला हक्क आहे. ग्रामसभेत ती वाचून दाखवायला सांगा आणि दुरुस्त करा. वही एकदा भरून संपत नाही. नोंद करताना नाव पावरी, भिलोरी, मावची, अहिराणी जसं बोललं जातं तसं लिहा, सोबत फोटो किंवा दाबून वाळवलेला नमुना ठेवा. कारण एकच नाव दोन गावांत दोन झाडांना असतं. सगळ्यात महत्त्वाचं: बायकांची वेगळी बैठक घ्या. पुरुष लाकडाची झाडं सांगतात, बायका भाज्या, कंद आणि बियाणं.

११. औषधाची माहिती वहीत लिहिली आणि कंपनीने पळवली तर?

ही भीती खरी आहे, म्हणून सगळं लिहायलाच हवं असं नाही. झाड आहे, औषधी आहे, जाणकार गावात आहे, एवढी नोंद पुरते. कुठला भाग, किती, कशात उगाळून, हे लिहायचं की नाही ते जाणकाराने ठरवायचं. गोपनीय भाग वेगळा ठेवून तो उघडा न करण्याचा निर्णय समितीला घेता येतो.

कायद्यात लाभवाटपाची तरतूद आहे. जैविक साधनांचा व्यापारी वापर करणाऱ्याने मंडळाला कळवायचं, लाभाचा हिस्सा द्यायचा, आणि मंडळाने निर्णय घेताना स्थानिक समितीचा सल्ला घ्यायचा. गावचे लोक आणि वैदू यांना यातून सूट आहे. २०२३ च्या दुरुस्तीने मात्र सूट रुंदावली. आयुष डॉक्टर आणि ग्रंथात नोंदलेलं ज्ञान लाभवाटपातून वगळलं गेलं, आणि कायदा मोडल्यास तुरुंगवासाऐवजी आता फक्त दंड आहे. आमच्या मते याने गावाची बाजू लंगडी झाली. म्हणूनच नोंदवहीत 'हे ज्ञान या गावाचं' अशी तारखेसह नोंद असणं आता जास्त गरजेचं आहे.

१२. सामूहिक वनहक्क मिळाला. मग आता जंगल राखायचं कुणी, आम्ही की वनखात्याने?

वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(१)(झ) ने सामूहिक वनसंसाधन राखण्याचा हक्क दिला आणि कलम ५ ने ग्रामसभेला तसे अधिकार दिले. म्हणजे राखण तुमची, नियम तुमचे. गौण वनोपजात बांबू आणि तेंदूपत्ताही येतात. जैवविविधता समिती ग्रामसभेच्या वर नाही; वनहक्काच्या क्षेत्रात तिने ग्रामसभेला विचारूनच चालावं.

कागदाआधी राखण केलेलं गाव पाहायचं असेल तर साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला जा. नव्वदच्या दशकात डोंगर बोडका झाला होता, विहिरी आटल्या होत्या. चैत्राम पवार आणि गावाने कुऱ्हाडबंदी केली, मोडणाऱ्याला दंड लावला, आळीपाळीने राखण केली, चर खणले. मुळं जिवंत होती म्हणून रान परत फुटलं, पाणी आलं. तिथली वनभाज्यांची पाककला स्पर्धा आता गाजते. २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली. पाहायला जाणारे चर मोजून येतात. दंड नात्यातल्या माणसाला लावताना गावाने काय केलं, ते विचारून या.

१३. झाडं लावायची आहेत. गुलमोहर, गिरिपुष्प चालेल का?

माळरानावर, डोंगरावर नको. अंजन, पळस, सालई, धावडा, मोह, टेंभुर्णी, चारोळी यांपैकी जे शेजारच्या रानात आहे तेच लावा. अंजन कातळातही मूळ घालतो, पण रोपवाटिकेच्या पिशवीत त्याचं सोटमूळ वळतं. बी थेट जागेवर टोकणं बरं. सालईची मनगटाएवढी फांदी पावसाच्या तोंडावर रोवली की फुटते. मोहाचं बी (कडुनिंबाचंही तसंच) जून-जुलैत ताजंच पेरायचं. काही आठवड्यांत त्याची उगवण संपते, पुढच्या वर्षासाठी ठेवलं तर फक्त तेल निघेल.

आणि जिथे बुंधे जिवंत आहेत तिथे खड्डेच खणू नका. चराई रोखा, घाणेरी उपटा, दोन पावसाळे थांबा.

१४. मोहाखालचा पाचोळा जाळल्याशिवाय फुलं वेचता येत नाहीत. मग करायचं काय?

अडचण खरी आहे; पहाटे अंधारात पाचोळ्यात फूल दिसत नाही, साप-विंचवाचीही भीती. पण मार्चमधली ती आग झाडाखाली थांबत नाही आणि रोपं, ढोल्या, जमिनीवरची अंडी सगळं घेऊन जाते. शिवाय राखीव जंगलात आग लावणं हा गुन्हा आहे. पाचोळा झाडून कडेला ढीग करा, किंवा जुन्या साड्या-जाळी झाडाखाली बांधा. फुलं स्वच्छ मिळतात, माती नसल्याने भावही बरा येतो. जाळायचंच असेल तर झाडलेला ढीग सकाळी, वारा नसताना, चार माणसं उभी करून, आणि तेही स्वतःच्या शेतात.

१५. रानभाज्या महोत्सवांमुळे रानभाज्या संपतील का?

भाजीनुसार उत्तर वेगळं. तरोटा, कुर्डू, घोळ कितीही खुडा, तणच ते. कटुर्ल्याचं तसं नाही: नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. 'याला फळ येत नाही' म्हणून नर वेल उपटला की पुढच्या वर्षी मादीलाही फळ नाही; कंद खणला तर वेलच गेला. बांबूच्या बेटातले सगळे कोंब काढू नका. सफेद मुसळी पानं वाळून बी पडल्यावरच खणा. चारोळीसाठी फांद्या तोडणं हा सगळ्यात वाईट प्रकार, आणि तो चढाओढीमुळे होतो: आपण थांबलो तर दुसरा नेईल. यावर उपाय बाजारात नाही, वेचणीची तारीख ठरवणाऱ्या ग्रामसभेत आहे (प्रश्न १२). जुन्या सणांमध्ये हे होतंच. नवाई पुजल्याशिवाय नवं धान्य खायचं नाही, तसंच.

१६. मी एम.एस्सी.ला आहे. सातपुड्यात काम करायला कुठल्या परवानग्या लागतात?

यावल, अनेर धरण यांसारख्या अभयारण्यांत मुख्य वन्यजीव रक्षकांची. बाहेरच्या वनक्षेत्रात उपवनसंरक्षकांची. सामूहिक वनहक्काच्या क्षेत्रात ग्रामसभेची, ठरावासह. भारतीय नागरिकाला निव्वळ संशोधनासाठी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागत नाही, पण नमुना परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचा किंवा पेटंट घ्यायचं असेल तर प्राधिकरणाकडे जावं लागतं. वनस्पतीची ओळख पक्की करायला पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या संग्रहाशी ताडून पाहा.

१७. गावातल्या म्हाताऱ्या बाबांनी स्वतःहून माहिती दिली, सही केली. तरी ग्रामसभेची परवानगी कशाला?

कारण ते ज्ञान बहुधा एकट्या बाबांचं नसतं. शेजारच्या पाड्यातही दोघं-तिघं तेच जाणतात. बाबांची संमती ते जे सांगतात त्यापुरती, ग्रामसभेची ते छापण्यापुरती. फॉर्म मराठीत असला तरी वाचून, त्यांच्या बोलीत समजावून सांगा, आणि 'हे नको लिहू' म्हणाले ते खोडा, रेकॉर्डिंगमधूनही. एखादी माहिती फक्त एकाच घराण्यात चालत आली असेल तर मात्र शेवटचा शब्द त्या घराचा. तिथे ग्रामसभेने होकार दिला तरी घराचा नकार चालतो. प्रबंध झाल्यावर त्याची मराठीतली पानं आणि फोटो गावच्या नोंदवहीला जोडून द्या. ही अट ठरावातच घालून घ्या, म्हणजे नोकरी लागल्यावर विसरायला होत नाही.